सर्वणची गाडी बर्फात

गोव्यातल्या सर्वण गावच्या गोकुळदास गावस यांनी आपली लाल गाडी मुलीला द्यायचे ठरवले ते एका फोनमुळे.

गौरवी ही त्यांची एकुलती एक मुलगी. डॉक्टर झाल्यावर ती हिमाचलात, कुल्लूच्या वरच्या खोऱ्यातल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात काम करायला गेली होती. वर्षभरासाठी म्हणून गेली आणि आता तिचा तिथला तिसरा हिवाळा चालला होता. दर रविवारी तिचा फोन यायचा. त्या रविवारी आईशी बोलता बोलता तिने सांगितले, की दवाखान्याची जीप पुन्हा बंद पडलीय, बर्फामुळे बस वरच्या गावापर्यंत येत नाही, म्हणून काल एका आजारी म्हाताऱ्याला बघायला ती चालत गेली आणि चालतच परत आली.

"घरी येऊन आधी पायाची बोटं जागेवर आहेत का बघितली," असे म्हणून ती हसली. फोनच्या या टोकाला तिची आई सुमंगलाही हसल्या. गोकुळदास हसले नाहीत. ते उठून घरामागच्या शेडकडे गेले.

पूर्वी तिथे गोठा होता. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने उंच बांध्याची ही छोटी गाडी घेतली आणि गोठ्याच्या जागी तिच्यासाठी पत्र्याची शेड घातली. सर्वणहून डिचोलीचा बाजार, कधी म्हापसा, वर्षातून एकदा शिरगावची जत्रा, एवढेच तिचे फिरणे. पावसाळ्यात चिखलाचा एक शिंतोडासुद्धा ते तिच्यावर रात्रभर राहू देत नसत. सुमंगला थट्टेने म्हणायच्या, गौरवी लहान असताना तिला इतक्या वेळा आंघोळ घातली असती तर बरे झाले असते.

दुपारी जेवताना गोकुळदास म्हणाले, "गाडी तिला नेऊन देऊया."

"ट्रेनने पाठवायची?"

"आपण चालवत नेऊ. मी चालवीन, तू बाजूला बस."

सुमंगलांनी ताटावरून मान वर करून नवऱ्याकडे बघितले. चाळीस किलोमीटरच्या पुढे गाडी नेताना वाटेत तीनदा थांबणारा हा माणूस. "आणि परत कसे येणार?"

"माणसांना परत यायला शंभर वाटा आहेत."

सुमंगलांनी त्यांच्या ताटात आणखी थोडी सोलकढी वाढली. त्यांनी होकार दिला, असे गोकुळदासांनी समजून घेतले.

ही बातमी पसरायला दोन माणसे पुरेशी होती. एक शंभू, गोकुळदासांचा शाळेपासूनचा मित्र, मांद्र्याला समुद्राजवळ गेस्टहाऊस चालवणारा. दुसरा रुद्रेश, सुमंगलांच्या भावाचा मुलगा, चोपड्याचा. रुद्रेशचा सगळा जीव गाडीत. त्याच्या स्वतःच्या गाडीला इतके दिवे लावलेले होते, की ती रात्री शापोरा नदीच्या पुलावरून निघाली की पलीकडच्या काठावरचे लोक वरात आली म्हणून बघायचे.

पुढच्या रविवारी सकाळी दोघेही सर्वणला हजर झाले. सुमंगलांनी पातळ भाजी केली होती, पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गोल उंडे पाव घेतले होते. सोप्यावर बसून खाणे सुरू झाले आणि लगेच वादालाही तोंड फुटले.

"टायर बदलल्याशिवाय गाडी हलवायची नाही," शंभू म्हणाला. "माझ्याकडे फिनलंडचा एक पाहुणा दरवर्षी येतो. काल मी त्याला विचारले. तो म्हणाला, आमच्याकडे हिवाळ्याचे टायर वेगळे असतात. आपल्या टायरचे रबर थंडीत लाकडासारखे होते, बर्फ धरतच नाही. तिकडच्या टायरचे रबर मऊ."

"तो फिनलंडचा," गोकुळदास म्हणाले. "तिकडे सहा महिने बर्फ. आपल्याला शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर. मी व्हिडिओ बघितलेत. चाकांना साखळी लावायची की झाले."

"साखळी मागच्या चाकांना लावायची," रुद्रेश मध्येच बोलला. "ट्रकवाले मागेच लावतात."

"ट्रकला मागची चाके ओढतात. आपली गाडी पुढच्या चाकांवर चालते."

"मग चारीला लावा. पण काका, मुळात टायर रुंद हवेत. अलॉय व्हील घालूया, पुढे पिवळे फॉग लॅम्प, आणि सीटला गरम होणारी गादी. ऑनलाइन मिळते."

"गादी गरम होते?" सुमंगलांनी आतून विचारले.

"होय आत्या. बटण दाबले की गरम."

"ती एक घे बाबा."

शंभू काही सोडायला तयार नव्हता. साखळी म्हणजे अडचणीच्या वेळची वस्तू, ती लावून धावता येत नाही, कोरड्या रस्त्यावर लावली तर टायर आणि रस्ता दोन्ही खराब, असे सगळे त्याच्या पाहुण्याने त्याला कागदावर चित्र काढून समजावले होते. गोकुळदासही हटले नाहीत. बोलण्याचा आवाज वाढत गेला, शेजारचे सगुण गावकर कुंपणापाशी येऊन उभे राहिले, आणि त्यांनी आपल्या स्कूटरला गेल्या वर्षी घातलेल्या टायरची तक्रार सांगायला सुरुवात केली. शेवटी रुद्रेशने म्हापशाच्या एका टायरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, असले टायर माझ्याकडे नाहीत, मागवून देईन, पण मऊ रबर घालून उन्हातल्या हमरस्त्यावरून इतक्या लांब गेलात तर पोचेपर्यंत अर्धे झिजलेले असतील.

एवढ्यात चहा घेऊन सुमंगला बाहेर आल्या.

"मला एक सांगा. गाडीच्या रेडिएटरात आपण नळाचे पाणी घालतो ना? फ्रीजरमध्ये मी एकदा काचेची बाटली भरून ठेवली होती, ती फुटली. तिकडे गाडीतले पाणी गोठले तर काय फुटेल?"

शंभूने रुद्रेशकडे बघितले, रुद्रेशने गोकुळदासांकडे. गोव्यात कुणाच्या डोक्यात ही गोष्ट येण्याचे कारणच नव्हते. गोकुळदासांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, "उद्याच्या उद्या कूलंट घालून घेऊ."

मग कामाला लागले सगळे. रेडिएटर धुऊन त्यात न गोठणारे कूलंट भरले. बॅटरी नवी बसवली. काच पुसायच्या पाण्याच्या जागी थंडीत चालणारे द्रावण आले. हीटर या गाडीत आहे हे सगळ्यांना माहीत होते, पण त्याचे बटण लाल बाजूला कुणी कधी फिरवलेच नव्हते. रुद्रेशने ते फिरवले तेव्हा आतून धुळीचा लोट आणि एक वाळलेला कोळी बाहेर आला. फॉग लॅम्प त्याने स्वतः बसवून दिले आणि अलॉय व्हीलचा हट्ट सोडला. टायरच्या बाबतीत गौरवीनेच फोनवर निवाडा दिला. इथून चांगले साधे नवे टायर घालून यायचे, कुल्लूच्या बाजारात हिवाळ्याचे टायर मिळतात, तिथे बदलायचे आणि मगच वर चढायचे. साखळ्या जवळ असू द्याव्यात.

साखळ्या लावायची तालीम घरासमोरच्या अंगणात झाली. उकाड्याने सगळे घामाघूम, तांबड्या मातीत गोकुळदास गुडघ्यांवर बसलेले, सुमंगला हातात छापील सूचना धरून एकेक ओळ वाचतायत, आणि कुंपणापलीकडे सगुण गावकरांचे अख्खे कुटुंब बघायला उभे. पहिल्यांदा साखळी उलटी बसली. दुसऱ्यांदा चाकाखालीच अडकली. तिसऱ्यांदा नीट बसली, तेव्हा सगुणबाबनी टाळ्या वाजवल्या.

निघायच्या दिवशी सकाळी शंभू मांद्र्याहून मुद्दाम आला. त्याने आणलेला लांब दोर, फावडे आणि लोकरीचे जाड हातमोजे डिकीत ठेवले. हातमोजे त्या फिनलंडच्या पाहुण्याचे होते. "मला इथे नको, तुझ्या मित्राला दे, असे म्हणाला," शंभूने सांगितले. मग गाडीच्या खिडकीला धरून तो एवढेच बोलला, "बेगीन पोचा आणि फोन कर."

चोर्ल्याचा घाट चढून ते बेळगावला लागले. पुढचा प्रवास लांबचा होता, पण सुखाचा झाला. गोकुळदास दिवसा चालवायचे, अंधार पडायच्या आत मुक्काम शोधायचे. माळवा मागे पडला, राजस्थानचा कोरडा पट्टा गेला, पंजाबात धुके लागले, तेव्हा रुद्रेशच्या पिवळ्या दिव्यांना दोघांनी मनापासून आशीर्वाद दिले. थंडी वाढली तशी सुमंगला गरम गादीचे बटण दाबून बसू लागल्या आणि उतरायला तयार होईनात.

कुल्लूला पोचले ते सकाळीच. टायरचे दुकान सापडले, पण त्यांच्या गाडीच्या मापाचे टायर दुकानात नव्हते. "कल आ जायेंगे," दुकानदार म्हणाला.

आकाश निळेशार होते. बियासचे पाणी उन्हात चमकत होते. गोकुळदासांनी डोंगराकडे बघितले.

"उद्यापर्यंत थांबूया," सुमंगला म्हणाल्या. "गौरवीने सांगितले होते."

"अगं, वर रस्ता मोकळा आहे म्हणून हा दुकानदारच सांगतोय. साखळ्या आहेत. एवढे आलो, ती तिथे आपली वाट बघत असेल." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात अधीरपणा आला होता. सुमंगलांनी फार ओढून धरले नाही. मुलीला बघायची घाई त्यांनाही होतीच.

अर्ध्या वाटेवर गेल्यावर ऊन नाहीसे झाले. डोंगराच्या मागून ढग आले आणि काचेवर काहीतरी पांढरे पडू लागले. सुमंगलांना आधी वाटले, कुणीतरी कापूस पिंजतोय. दोघांनीही आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पडताना बघितला, आणि काही वेळ ते इतके सुंदर वाटले, की दोघेही नुसते बघत राहिले. मग रस्ता दिसेनासा झाला.

गोकुळदासांनी चढावरच गाडी थांबवली. साखळ्या लावाव्यात म्हणून ब्रेक ओढून दार उघडायला गेले, तोच गाडी आपोआप मागे सरकू लागली. ब्रेक दाबून उपयोग नव्हता. चाके थांबलेली आणि गाडी मात्र चाललेली. उजवीकडे दरी होती. सुमंगलांनी डोळे मिटून सातेरीदेवीचे नाव घेतले. गाडीचे मागचे टोक हळूच डावीकडे वळले, डोंगराच्या बाजूच्या चरीत उतरले आणि मऊ धक्का देऊन थांबले.

दोघांना खरचटलेसुद्धा नव्हते. गोकुळदास खाली उतरले, फिनलंडचे हातमोजे घालून साखळी काढली, पण हातमोज्यांत आकडा धरता येईना आणि हातमोजे काढल्यावर बोटे ऐकेनात. सर्वणच्या अंगणात जमलेले इथे काही जमले नाही. ते चाकाला टेकून बर्फातच बसले. सुमंगला खाली उतरून त्यांच्याजवळ आल्या, त्यांचे दोन्ही हात आपल्या शालीत घेऊन चोळत राहिल्या.

मागून एक बस आली. साखळ्या लावलेली, खडखडत. ती थांबली, आणि त्यातून माणसे उतरू लागली. टोप्या घातलेले पुरुष, डोक्याला फडकी बांधलेल्या बायका, पाठीवर ओझी. एक उंच, चाळिशीचा माणूस गाडीच्या पुढे जाऊन वाकला आणि नंबरप्लेटवरचा बर्फ हाताने पुसला. मग त्याने वळून हिंदीत विचारले, "गोव्याची गाडी? तुम्ही डॉक्टरसाहेबांच्या घरचे का?"

"गौरवीचे," सुमंगला म्हणाल्या. "मी तिची आई."

तो माणूस बसकडे वळून मोठ्याने ओरडला. काय ते सुमंगलांना कळले नाही, पण बसमध्ये राहिलेली माणसेही खाली उतरली. दोन बायकांनी सुमंगलांना मधे घेतले आणि आपल्या अंगावरची जाड घोंगडी त्यांच्याभोवती गुंडाळली. पुरुषांनी चाकांमागचा बर्फ फावड्याने काढला, शंभूने दिलेला दोर बसला बांधला, काहीजण मागून खांदे लावून उभे राहिले. गाडी चरीतून वर आली. त्याच उंच माणसाने गोकुळदासांच्या हातातून साखळी घेतली आणि दोन्ही पुढच्या चाकांना बसवली. मग त्याने चालकाच्या बाजूचे दार उघडले आणि नम्रपणे म्हणाला, "बाबूजी, मी चालवू?"

गोकुळदासांनी ही गाडी आजवर कुणाच्या हातात दिली नव्हती. ते पटकन बाजूला झाले.

त्याचे नाव खेमराज. सफरचंदाची बाग आणि चार गाई असलेला शेतकरी. दवाखाना अजून दोन वळणे पुढे होता, पण वरचा रस्ता यंत्राने साफ केल्याशिवाय जाता येणार नाही, असे म्हणून तो त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. लाकडी घर, खाली गाई, वर माणसे. खोलीच्या मध्ये लोखंडी शेगडी पेटलेली होती आणि तिचा धूर नळीतून वर जात होता. खेमराजची बायको बिमला हिने दोघांना शेगडीजवळ बसवले, मोजे काढायला लावले, आणि अक्रोडाचे सारण भरलेले वाफवलेले जाड पाव तुपात बुडवून ताटात वाढले. एका लहान मुलीने, जेमतेम चालायला लागलेली असेल, गोकुळदासांच्या गुडघ्याला धरून उभे राहून त्यांच्या चष्म्याकडे टक लावली.

फोन लागत नव्हता. खेमराजने शेजारच्या कुणाला तरी निरोप घेऊन वर पाठवले.

"आमची गाडी सगळ्यांनी कशी ओळखली?" सुमंगलांनी विचारले.

"गेल्या आठवड्यापासून खोऱ्यात सगळ्यांना माहीत आहे," बिमला हसत म्हणाली. "डॉक्टरदीदी प्रत्येक पेशंटला सांगत होती. माझे आईबाबा गोव्याहून गाडी घेऊन येतायत. लाल गाडी. तपासताना सुद्धा तेच."

गोकुळदासांनी ताटाकडे बघितले. मुलीने फोनवर त्यांना फक्त एवढेच म्हटले होते, पप्पा, कशाला एवढा त्रास.

मग बिमलाने त्या लहान मुलीला मांडीवर घेतले आणि सांगायला लागली. मागच्या हिवाळ्यात हिचा जन्म. वेळेच्या आधी कळा सुरू झाल्या, बाहेर असाच बर्फ, रस्ता बंद. खेमराज कंदील घेऊन वर गेला आणि डॉक्टरदीदी त्याच्या मागोमाग चालत आली, पाठीवर पिशवी, गुडघ्यांपर्यंत बर्फ. बाळ आडवे होते. "मला वाटले, आता काही मी राहत नाही. दीदी माझ्याजवळ बसून होती, सबंध वेळ. आणि मी रडले की ती एकच शब्द म्हणायची. जाता, जाता. पुन्हा पुन्हा. जाता, जाता. मी मनात म्हटले, दर्द जाता है, दुखणे चालले आहे असे ही सांगते. मग मीसुद्धा म्हणायला लागले. जाता, जाता. आणि ही आली."

सुमंगलांनी तोंडाला पदर लावला.

"आमच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा आहे," त्या म्हणाल्या. "जाता म्हणजे होते आहे. होईल, जमेल, असे. ती सायकल शिकत होती तेव्हा मी मागून धावत तिला हेच म्हणायची."

बिमलाने तो अर्थ मनात फिरवून बघितला आणि मान हलवली. "दोन्ही खरे झाले," ती म्हणाली.

तीन वर्षे लोक गोकुळदासांना विचारत होते, मुलगी एवढी शिकून त्या डोंगरात काय करते, आणि ते सांगायचे, बघू, येईल परत. तिथे ती काय करते हे त्यांना कधी नीट उमगलेच नव्हते. आत्ता ते चष्मा काढून पुसू लागले, तर त्या लहान मुलीने तो त्यांच्या हातातून घेतला आणि आपल्या नाकावर लावायचा प्रयत्न केला. तिच्या हातून चष्मा परत घेताना त्यांना जे रडू आले ते त्यांनी लपवले नाही. खेमराजने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

झोपायच्या आधी सुमंगलांनी डिकीतून नारळ आणवले. सर्वणच्या आपल्या झाडांचे. बिमलाच्या हातात दोन देऊन त्या म्हणाल्या, "देव बरें करूं." बिमलाला शब्द कळले नाहीत, तरी तिने दोन्ही नारळ कपाळाला लावले.

सकाळी यंत्राने रस्ता उघडला, आणि त्या यंत्राच्याच चालकाशेजारी बसून गौरवी खाली आली. लोकरीची टोपी, लाल झालेले नाक, आणि उतरल्या उतरल्या आईच्या गळ्यात. मग ती वडिलांकडे वळली आणि डॉक्टरी आवाज काढून म्हणाली, "पप्पा, टायर बदलून मगच वर चढायला सांगितले होते ना?"

"सांगितले होतेस," गोकुळदास म्हणाले. "मीच ऐकले नाही. आपण परत कुल्लूला जाऊन टायर घालून येऊ. तू चालव."

त्या दिवशी टायर बदलले. चढावर गाडी पुन्हा आली तेव्हा रस्त्यावर तसाच बर्फ होता, पण चाकांनी तो घट्ट धरला. गोकुळदासांनी तिथूनच शंभूला फोन लावला. "तुझा पाहुणा बरोबर," ते म्हणाले. "त्याला सांग, हातमोजे परत आणतोय. आणि रुद्रेशला सांग, त्याच्या दिव्यांनी आम्हाला पंजाबातून बाहेर काढले." शंभू तिकडे मांद्र्याला इतक्या जोराने हसला, की सुमंगलांना बाजूला बसून ते ऐकू आले.

ते दहा-बारा दिवस राहिले. गोकुळदासांनी दवाखाना बघितला. दोन खोल्या, एक बाक, एक पलंग. गळणारा नळ त्यांनी पहिल्याच दिवशी दुरुस्त केला आणि मग थंडीत फुटू नये म्हणून सगळ्या नळांना गोणपाट गुंडाळत बसले. लोक त्यांना भेटायला यायचे. कुणी राजमा आणायचे, कुणी सफरचंदांची पेटी, कुणी नुसतेच येऊन हात जोडून जायचे. आपण काय केले म्हणून हे हात जोडतात, असे त्यांना आधी अवघडल्यासारखे वाटायचे. मग त्यांनीही उलट हात जोडायला सुरुवात केली.

परतीच्या दिवशी गौरवी त्यांना कुल्लूच्या बसस्टँडवर सोडायला निघाली. सुमंगला मागे सामानात, गोकुळदास पुढे तिच्या शेजारी. ती वळणांवर हॉर्न वाजवत, उतारावर खालच्या गिअरमध्ये, सराईतपणे गाडी नेत होती, आणि गोकुळदास तिच्या हातांकडे बघत होते.

एका वळणावर एक माणूस रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हात हलवत होता. त्याच्या मागे कट्ट्यावर घोंगडीत गुंडाळलेली एक म्हातारी बसली होती. तिचे ओठ निळसर दिसत होते. गौरवी उतरली, तिची नाडी बघितली, छातीला कान लावला आणि मागे वळली.

"पप्पा, हिला दवाखान्यात न्यायला हवे. आत्ता."

बस काही थांबणार नव्हती, हे तिघांनाही माहीत होते. गोकुळदासांनी आपला पट्टा सोडला. पुढची सीट जितकी मागे कलते तितकी कलवली, हात हलवणारा माणूस म्हातारीचा मुलगा होता, त्याच्या मदतीने तिला उचलून त्यावर ठेवले आणि बाजूच्या गरम गादीचे बटण दाबले. मग सफरचंदांची पेटी मांडीवर घेऊन ते मागे सुमंगलांशेजारी जाऊन बसले. म्हातारीचा मुलगा दुसऱ्या बाजूने कसाबसा कोंबून बसला. गाडी उलटी फिरली आणि चढाला लागली.

संध्याकाळपर्यंत म्हातारीचा श्वास सुरळीत झाला. तिचा मुलगा दवाखान्याच्या बाकावर गोकुळदासांजवळ येऊन बसला आणि त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाला, "बाबूजी, तुमची गाडी नसती तर..."

"माझी नाही," गोकुळदास म्हणाले. "डॉक्टरबाईंची आहे."

आणि त्यांनी त्याला पेटीतले एक सफरचंद काढून दिले.